तुर्कस्तानातील स्थलनामे : ध्वनी आणि अर्थ

वैदिक वाङ्मयाच्या कालनिर्णयाचा ऊहापोह करणाऱ्या ग्रंथांत ‘बोगाझकोई’ हे नाव हटकून येते. मितान्नीच्या राजाने हिटाइट सम्राटाशी इ. स. पू. चौदाव्या शतकात केलेल्या तहात मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य या देवतांना साक्षी ठेवले होते. त्या तहाचे मृत्तिकाफलक ह्यूगो विंकलर यांना १९०६-०७ च्या सुमारास याच गावाजवळच्या उत्खननात सापडले. भारतीय विद्येच्या अभ्यासकाला हे नाव अशा रीतीने पाठ असते. नावाचा अर्थ काय, हे मात्र त्याने क्वचितच विचारलेले असते.

तुर्की भाषेत ‘बोआझ’ म्हणजे गळा. त्यावरून खिंड आणि सामुद्रधुनी हे अर्थ आले. ‘कॉय’ म्हणजे खेडे. तेव्हा बोगाझकोई म्हणजे खिंडीपाशी वसलेले खेडे. ज्या शेतकऱ्यांनी हे नाव ठेवले, त्यांना आपल्या रानाखाली एका साम्राज्याची राजधानी पुरलेली आहे याची कल्पना असण्याचे कारण नव्हते. त्या राजधानीचे ‘हात्तुशा’ हे नाव लोकांच्या तोंडून केव्हाच गेले होते. ते फलकांनी परत मिळवून दिले. पुढे खेड्याचे अधिकृत नावही बदलून ‘बोआझकाले’, म्हणजे खिंडीतला किल्ला, असे झाले. एकाच भूमीची ही तीन नावे होत. परंतु पहिल्याचा पुढच्या दोहोंशी काडीइतकाही संबंध नाही.

असा संपूर्ण तुटलेला धागा हा या देशातील नियम नव्हे. मोठ्या नगरांच्या बाबतीत बहुधा याच्या उलट घडलेले दिसते. तेथे ध्वनी टिकला आणि अर्थ बदलला. नवे लोक आले, त्यांनी जुन्या रहिवाशांच्या तोंडचे नाव ऐकले, ते आपल्या जिभेला मानवेल असे वळवून घेतले आणि मग त्यात आपल्या भाषेतील एखादा शब्द शोधून काढला. यालाच लोकव्युत्पत्ती म्हणतात. देशाच्या नावापासूनच याचा प्रत्यय येतो. मराठीत रूढ असलेल्या ‘तुर्कस्तान’ या शब्दातील ‘-स्तान’ हा फारसी प्रत्यय संस्कृत ‘स्थान’ या शब्दाचा सगोत्र आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु देशाचा जो मोठा आशियाई भाग, त्याला तुर्क लोक ‘आनादोलू’ म्हणतात. मूळ शब्द ग्रीक ‘आनातोले’, अर्थ सूर्योदय अथवा पूर्व दिशा. ग्रीसकडून पाहणाऱ्याला हा प्रदेश पूर्वेस होता, इतकेच. तुर्की कानाला मात्र त्यात ‘आना’ (आई) आणि ‘दोलू’ (भरलेली) असे दोन शब्द ऐकू आले आणि ‘मातांनी भरलेली भूमी’ अशी एक हृद्य कथा जन्मास आली. कथा म्हणून ती सुंदर आहे; पुरावा म्हणून तिला काही मोल नाही.

तेव्हा तुर्कस्तानातील नावाविषयी बोलताना आजचा उच्चार हा फार अविश्वसनीय साक्षीदार ठरतो. सर्वात जुने लिखित रूप गाठल्याखेरीज अर्थाकडे वळणे धोक्याचे आहे. कोन्या या नगराचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. ग्रीकांनी त्याचे नाव ‘इकोनियोन’ असे लिहिले आणि ते ‘एइकोन’ म्हणजे प्रतिमा या शब्दाशी जोडले. पर्सियस या वीराने गॉर्गनचे मस्तक छेदले व तिची प्रतिमा तेथे उभारली, अशी आख्यायिका त्यास चिकटली. हिटाइट लेख वाचले जाऊ लागल्यावर त्याच नगराचे ‘इक्कुवानिया’ हे रूप पुढे आले. ग्रीक तेथे येण्याच्या कितीतरी आधीचे हे रूप असल्यामुळे प्रतिमेची कथा नावानंतर रचली गेली, हे उघड झाले. अंकाराचीही गोष्ट तशीच. समुद्रापासून दूर, पठारावर वसलेल्या या गावाचे प्राचीन नाव ‘अंकिरा’. ग्रीकमध्ये या शब्दाचा अर्थ नांगर, अर्थात जहाजाचा. पठारावर नांगर कोठून आला? पॉसेनियस सांगतो की, मायडस राजाला तो सापडला आणि झ्यूसच्या मंदिरात तो अद्याप दाखवितात. अडचणीचा प्रश्न पडला की कथा धावून येते, याचे यापेक्षा उघड उदाहरण मिळणे कठीण. याच नावाचे मध्ययुगीन रूप ‘अंगोरा’ हे होय. तेथील शेळ्यांच्या केसांमुळे ते नाव जगाच्या बाजारपेठेत जाऊन बसले.

अदाना (हिटाइट ‘अदानिया’) आणि तार्सुस (‘तार्शा’) ही नावेही याच सर्वात खालच्या थरातील आहेत. त्यांचा मूळ अर्थ लावण्याचे जे प्रयत्न झाले ते समाधानकारक नाहीत. परंतु या थरातील एका प्रत्ययाचा इतिहास भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला विशेष आकर्षक वाटेल. पॉल क्रेट्शमर यांनी १८९६ मध्ये असे दाखवून दिले होते की, ग्रीस आणि आशिया मायनर या दोन्ही प्रदेशांत ‘-न्थ’, ‘-न्द’ आणि ‘-स्स’ हे घटक असलेल्या नावांची एक मोठी मालिका आहे आणि ती ग्रीक भाषेतून उलगडत नाही. अर्थात ती ग्रीकपूर्व लोकांची असली पाहिजे. त्या वेळी हिटाइट भाषा कोणास वाचता येत नव्हती. बेद्रिख ह्रोझ्नी यांनी १९१५ मध्ये ती इंडो-युरोपीय असल्याचे सिद्ध केले आणि तिची भगिनी लुवियन हीही हळूहळू प्रकाशात आली. मग दक्षिण-पश्चिमेकडील ‘वियानावांदा’ या नगराचे नाव आपसूक उकलले. ‘वियाना’ म्हणजे द्राक्षवेल किंवा द्राक्षमद्य, आणि ‘-वांदा’ म्हणजे ‘ने युक्त’. हा प्रत्यय संस्कृत ‘-वन्त्’ याचा सगोत्र असून मराठीतील ‘धनवंत’, ‘गुणवंत’ या शब्दांत आपण तोच नित्य उच्चारतो. द्राक्षवंत असे ते नगर. ग्रीकांनी त्याचे ‘ओइनोआंदा’ केले, कारण त्यांच्याकडे मद्याला ‘ओइनोस’ म्हणत. येथे मात्र ग्रीक कानाने चूक केली नाही. दोन्ही शब्द मुळात एकच आहेत. लोकव्युत्पत्ती नेहमीच खोटी असते असे मानणेही त्यामुळे घाईचे ठरेल.

ग्रीक आणि रोमन काळातील नगरनामे सोपी आहेत. त्यांवर फार थांबण्याचे कारण नाही. राजाने नगर वसविले अथवा त्याचा गौरव केला आणि त्यास आपले किंवा आपल्या स्वामीचे नाव दिले, हाच तो प्रकार. पर्गामोनच्या अत्तालस राजावरून अत्तालेया, आजचे अंताल्या. बिथिनियाच्या प्रुसियसवरून प्रुसा, आजचे बुर्सा. रोमन सम्राट हेड्रियनवरून हाद्रियानोपोलिस, आजचे एदिर्ने. सिवास या नावात ‘सेबास्तोस’ हा शब्द दडला आहे. तो लॅटिन ‘ऑगस्टस’ या बिरुदाचा ग्रीक अनुवाद होय. कायसेरी म्हणजे सीझरचे नगर. ‘कैसर-इ-हिंद’ या बिरुदातील ‘कैसर’ तोच. या सर्व नावांत तुर्कांनी अर्थ बदलला नाही, कारण त्यांना तो शोधण्याची गरज भासली नाही. त्यांनी केवळ उच्चार घासून गुळगुळीत केला.

इस्तंबूल या नावावर मात्र थांबावे लागते. कॉन्स्टन्टाइनने इ. स. ३३० मध्ये आपल्या नव्या राजधानीची प्रतिष्ठापना केली. त्या नगराचे ‘कॉन्स्टँटिनोपल’ हे नाव १४५३ मध्ये तुर्कांनी ते जिंकल्यावर पुसून टाकले आणि ‘इस्तंबूल’ ठेवले, असा समज सर्वत्र आढळतो. तो दोन्ही बाजूंनी चुकीचा आहे. ऑटोमन नाण्यांवर आणि कागदपत्रांत ‘कोस्तान्तिनिये’ हे नाव विजयानंतरही शतकानुशतके चालू होते. उलट ‘इस्तंबूल’ हे नाव तुर्कांच्या आधीचे आहे. दहाव्या शतकातील अरब लेखक मसूदी याने नमूद करून ठेवले आहे की, तेथील ग्रीक लोक आपल्या राजधानीला ‘बूलिन’ आणि ‘इस्तन-बूलिन’ म्हणतात. हे ‘बूलिन’ म्हणजे ग्रीक ‘पोलिन’, नगर. आणि पूर्ण शब्दसमूह ‘इस तिन पोलिन’ म्हणजे ‘नगराकडे’ किंवा ‘नगरात’. ज्या प्रदेशात एकच महानगर असते, तेथील खेडूत त्याचे नाव घेत नाही. ‘शहरात चाललो’ इतके त्यास पुरते. अठराव्या शतकातील काही नाण्यांवर ‘इस्लामबोल’ असे रूप दिसते. तुर्कीत ‘बोल’ म्हणजे विपुल. तेव्हा ‘जेथे इस्लाम विपुल आहे ते’. ही आणखी एक लोकव्युत्पत्ती, पण राजमुद्रेने प्रतिष्ठित झालेली. १९३० मध्ये तुर्की सरकारने परदेशी टपालखात्यांना ‘इस्तंबूल’ हेच नाव वापरण्यास सांगितले, त्या वेळी वस्तुतः नाव बदलले नाही. लोकांच्या तोंडी हजार वर्षे असलेले नाव एकमेव अधिकृत नाव झाले.

‘इस’ हे ग्रीक अव्यय आणखी काही नावांत शिरले आहे. निकाया नगराचे ‘इझ्निक’ आणि निकोमेदियाचे ‘इझ्मित’ झाले, ते याच मार्गाने. स्मिर्नाचे ‘इझ्मिर’ हे उदाहरणही याच यादीत घालण्याची प्रथा आहे. परंतु ते अनिवार्य नाही. आरंभी ‘स’ला जोडून दुसरे व्यंजन आले की तुर्की जिभेला त्याआधी एक ‘इ’ लागतो. ‘स्टेशन’चे ‘इस्टेशन’ करणाऱ्या आपल्या खेडुताप्रमाणेच. तेव्हा स्मिर्नाचे इझ्मिर होण्यास अव्ययाची मदत लागलीच असेल असे नाही. निकाया या शब्दास ती सबब लागू होत नाही, म्हणून तेथील पुरावा अधिक बळकट आहे.

पश्चिम किनाऱ्यावरील एफेससच्या स्थानी नावांची जी परंपरा आढळते, ती या साऱ्या प्रक्रियेचे एक लहानसे प्रदर्शनच होय. हिटाइट लेखांत उल्लेखिलेले ‘अपाशा’ हे एफेससचेच पूर्वरूप असे आता बहुतेक विद्वान मानतात. बंदर गाळाने भरत गेल्यावर वस्ती आत सरकली आणि सेंट जॉनच्या चर्चभोवती स्थिरावली. या संताला ग्रीक लोक ‘हागिओस थेओलोगोस’, म्हणजे पवित्र ब्रह्मवेत्ता, असे म्हणत. तुर्कांनी त्याचे ‘आयासुलुक’ केले. त्याच शब्दाचे मध्ययुगातील इटालियन व्यापाऱ्यांनी ‘आल्तोलुओगो’ केले आणि त्यांना त्यात ‘उंच जागा’ हा अर्थ दिसला. १९१४ मध्ये गावाला ‘सेल्चुक’ हे नाव मिळाले. ते सेल्जुक राजवंशाच्या स्मरणार्थ. या शेवटच्या टप्प्यावर प्रथमच नाव कोणाच्या कानाने नव्हे, तर कचेरीने बदलले.

पूर्वेकडे गेल्यावर थर बदलतात. १०७१ मध्ये सेल्जुकांनी बायझंटाइन सम्राटाचा जेथे पराभव केला ते मांझिकर्त, आजचे मालाझगिर्त, हे आर्मेनियन नाव आहे. त्यातील ‘-कर्त’ हा इराणी वंशाचा घटक म्हणजे ‘केलेले, वसविलेले’. संस्कृत ‘कृत’ त्याचा बंधू. एर्झुरूमचा अर्थ ‘अर्झ-इ-रूम’, म्हणजे रूमची भूमी, असा सर्रास सांगितला जातो. वस्तुस्थिती निराळी आहे. अकराव्या शतकाच्या मध्यास सेल्जुकांनी जवळचे अर्झन हे व्यापारी नगर उद्ध्वस्त केले. तेथील लोक थेओदोसिओपोलिस या तटबंदीच्या नगरात आश्रयास आले आणि येताना त्यांनी आपल्या गावाचे नावही आणले. दक्षिणेकडील दुसऱ्या अर्झनपासून ते वेगळे ओळखू यावे म्हणून त्यास ‘अर्झन-अर-रूम’ म्हणू लागले. निर्वासितांनी बरोबर आणलेल्या या नावापुढे आर्मेनियन ‘कारिन’ आणि ग्रीक ‘थेओदोसिओपोलिस’ दोन्ही मागे पडली. यातील ‘रूम’ म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याचा मुलूख. तेथून आलेला तो ‘रूमी’. निजामशाही अहमदनगरात १५४९ मध्ये ‘मलिक-ए-मैदान’ तोफ ओतणारा महंमद बिन हुसेन रूमी याच अर्थाने रूमी होता.

आता तुर्कांनी स्वतः ठेवलेल्या नावांकडे वळले पाहिजे. येथे एक भेद स्पष्ट दिसतो. नगरांतील वस्ती सलग चालू राहिल्याने नगरनामे टिकली. परंतु कुरणे, ओढे, टेकड्या आणि नव्या वाड्या यांना मेंढपाळ टोळ्यांनी आपली नावे दिली. यात टोळ्यांची नावे प्रथम येतात. महमूद काशगरी याने अकराव्या शतकातील आपल्या तुर्की शब्दकोशात ओगुझ तुर्कांच्या २२ शाखा दिल्या आहेत. रशीदुद्दीनने पुढे २४ मोजल्या. कायी, किनिक, बायिंदिर, आवशार, सालुर, चेपनी ही त्यांतील काही. ही नावे धारण करणारी खेडी आनातोलियात पश्चिम टोकापर्यंत विखुरलेली आहेत. फारुक सुमेर यांनी सोळाव्या शतकातील ऑटोमन करनोंदींमधून ती वेचून टोळ्यांच्या प्रसाराचे चित्र उभे केले. ज्या स्थलांतराचा समकालीन वृत्तान्त जवळजवळ उपलब्ध नाही, त्याचा आराखडा अशा रीतीने गावांच्या यादीतून मिळाला.

वर्णनात्मक नावे मराठी वाचकाला परकी वाटणार नाहीत. ‘सू’ पाणी, ‘दाग’ डोंगर, ‘तेपे’ टेकडी, ‘पिनार’ झरा. ‘आक’ पांढरा, ‘कारा’ काळा, ‘किझिल’ तांबडा. हिटाइटांची मराशांतिया, ग्रीकांची हालिस ही नदी तुर्कांना गढूळ तांबड्या पाण्यामुळे ‘किझिलइर्माक’, तांबडी नदी, दिसली. ‘हॉयुक’ म्हणजे पांढरीचे टेकाड; चातालहॉयुक हे दुबेळके टेकाड. ट्रॉयचे अवशेष ज्या टेकडीखाली निघाले तिला गावकरी ‘हिसारलिक’, किल्ल्याची जागा, म्हणत होते. येथे काहीतरी बांधलेले होते, एवढी आठवण त्या नावाने जपली होती. एस्कीशहिर म्हणजे जुने शहर. यातील फारसी ‘शहर’ आपणही घेतला आहे, आणि तो प्राचीन इराणी भाषेतील ज्या शब्दापासून आला त्याचे संस्कृत रूप ‘क्षत्र’ हे होय. राज्य हा अर्थ आकुंचित होत होत नगरावर येऊन थांबला. अफ्योनकाराहिसार हे लांबलचक नाव ‘अफूचा काळा किल्ला’ असे उलगडते. काळे किल्ले अनेक असल्याने ओळखीसाठी पिकाचे नाव पुढे जोडावे लागले; दुसऱ्या एका काळ्या किल्ल्याजवळ तुरटीच्या खाणी होत्या, तो शेबिनकाराहिसार झाला. ‘अफ्योन’ हा शब्द ग्रीक ‘ओपिओन’पासून अरबीमार्गे आला. तोच भारतात येऊन ‘अफू’ झाला आणि पंडितांनी त्यास ‘अहिफेन’, सापाचा फेस, असे संस्कृत रूप दिले. लोकव्युत्पत्ती केवळ अडाण्यांचीच असते असे नाही.

विसाव्या शतकात या सगळ्या व्यवहाराचे स्वरूप पालटले. महायुद्ध चालू असता, १९१६ च्या जानेवारीत एन्वर पाशाने आर्मेनियन, ग्रीक, बल्गेरियन इत्यादी नावे बदलण्याचा हुकूम सोडला. लष्करी पत्रव्यवहारात आणि नकाशांत इतका घोटाळा उडाला की काही महिन्यांतच तो स्थगित करावा लागला. प्रजासत्ताकाच्या स्थापनेनंतर हे काम सावकाश, पण चिकाटीने चालले. थ्रेसमधील ‘किर्ककिलिसे’, चाळीस चर्चे, हे ग्रीक नावाचे शब्दशः भाषांतर होते. १९२४ मध्ये त्याचे ‘किर्कलारेली’ झाले. चाळीस राहिले, चर्चे गेली. ज्या सान स्तेफानो येथे १८७८ मध्ये रशिया व तुर्कस्तान यांचा तह झाला, ते उपनगर १९२६ मध्ये ‘येशिलकॉय’, हिरवे खेडे, बनले. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ते आता नकाशावर सापडत नाही. १९३५ मध्ये देर्सिमचे ‘तुंजेली’ झाले. दियारबेकिर म्हणजे बक्र या अरब टोळीचा मुलूख. १९३७ मध्ये त्याचे ‘दियारबाकिर’ केले गेले. ‘बाकिर’ म्हणजे तांबे. एका स्वराच्या फेरफाराने अरब टोळी नाहीशी होऊन तिच्या जागी धातू आला. हीसुद्धा लोकव्युत्पत्तीच, फक्त ती लोकांनी केली नाही.

१९४९ च्या प्रांतीय प्रशासनविषयक कायद्याने गावांची नावे बदलण्यास कायदेशीर आधार दिला आणि पन्नाशीच्या उत्तरार्धात नेमलेल्या तज्ज्ञमंडळाने १९७८ पर्यंत हे कार्य केले. भूगोलज्ञ हारुन तुंचेल यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार नाव बदललेल्या खेड्यांची संख्या १२,००० हून अधिक, म्हणजे एकूण खेड्यांच्या सुमारे एक तृतीयांश भरते. आर्मेनियन, ग्रीक, कुर्दी, अरमाइक, जॉर्जियन, लाझ अशी नावे त्यांत आहेत. शिवाय ‘किझिल’ (तांबडा), ‘चान’ (घंटा), ‘किलिसे’ (चर्च) हे शब्द असलेली कित्येक शुद्ध तुर्की नावेही बदलली गेली. तांबड्या रंगाला राजकीय वास येऊ लागला होता. नवी नावे बहुधा हिरवे, सुंदर, झरा, टेकडी अशा मोजक्या शब्दांच्या जुळणीतून तयार झाली, त्यामुळे एकाच नावाची अनेक गावे निर्माण झाली. त्यांपैकी ज्यांच्या शेवटी ‘कॉय’ आहे, त्यांतील तो शब्दही मूळचा फारसी ‘कूय’ होय, आणि विशेष तुर्की म्हणून ज्याला पसंती मिळते तो ‘केंत’ तर सोग्दियन लोकांकडून घेतलेला, समरकंद या नावात दिसतो तोच. शुद्धीकरण कोणत्या थरापाशी थांबवावयाचे, हा प्रश्न अशा वेळी अनुत्तरित राहतो.

अभ्यासकाची हानी येथे स्पष्ट दिसते. जुना ध्वनी खोटा अर्थ धारण करूनही टिकला होता, म्हणून ‘इक्कुवानिया’ कोन्यात ओळखता आले. नाव समूळ बदलले की पुढच्या विंकलरला फलक सापडावे लागतील. जुनी नावे परत गोळा करण्याचे काम त्यामुळे निकडीचे ठरते. सेवान निशान्यान यांनी या दिशेने मोठा संग्रह सिद्ध केला आहे. गृहखात्याने १९२८ मध्ये छापलेली खेड्यांची यादी हे त्याचे एक प्रमुख साधन. पण ती अरबी लिपीत आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस देशाने रोमन लिपी स्वीकारली. अरबी लिपीत ऱ्हस्व स्वर लिहिले जात नाहीत, त्यामुळे एकाच अक्षरसमूहाचे तीन-चार उच्चार संभवतात. दक्षिणेतील फारसी कागदांत मराठी गावांची नावे वाचताना जी अडचण येते, तीच ही. तिचा उलगडा पुष्कळदा गावातील वृद्ध माणसाला विचारूनच होतो, कारण घरात व बाजारात जुने नाव अनेक ठिकाणी चालूच राहिले. २०१३ मध्ये सीर्त प्रांतातील ‘आयदिनलार’ या तालुक्याला त्याचे ‘तिल्लो’ हे पूर्वीचे नाव कायद्याने परत मिळाले. नव्या नावाचा अर्थ ‘प्रबुद्ध जन’ असा होता. जुन्याच्या मुळाशी अरमाइक भाषेतील टेकडीवाचक शब्द आहे.